दादा, दुसऱ्या भेटीलाही जा

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं जमत नाही. आबा शेजारी बाजेवर बसलेले असतात, लेकरं मधेमधे करतात, आणि तू "बरंय, बरंय" म्हणत फोन वहिनींकडे देतोस. म्हणून लिहिते. घरी नको वाटलं तर शेतातल्या आखाड्यावर नेऊन सावकाश वाच.

मंगळवारी लातूरला मानसोपचाराच्या ओपीडीत जायला तू तयार झालास, असं वहिनींनी कळवलं. ऐकून जीव भांड्यात पडला. इथे इंग्लंडमध्ये लीड्सला मी ज्या टीममध्ये नर्स आहे, तिथे नवे पेशंट सारखे येतात, आणि त्यांना बघून माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या दिवसाचं ओझं माणूस कसंबसं पेलतो. अवघड असतात ते पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधले आठवडे. तिथेच माणसं गळतात.

पहिल्या दिवसाचं आधी सांगते. इथे सहसा आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवावं लागतं, तो चिठ्ठी देतो, मग तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने जातात. आपल्याकडे तसं नाही. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय संस्थेत किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात सकाळी केसपेपर काढून थेट मानसोपचाराच्या ओपीडीत बसता येतं. गर्दी असते, ताटकळावं लागतं, एवढी तयारी ठेव. खाजगीत जायचं ठरलं तर पाटीवर एमडी सायकियाट्री किंवा डीपीएम (मानसोपचारातली पदविका) आहे का ते बघ. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ वेगळे. ते गोळ्या लिहीत नाहीत, बोलून उपचार करतात. पुढे तुला दोन्ही लागू शकतात.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घे. बीपीची, पित्ताची, गावातल्या डॉक्टरने झोपेसाठी दिलेली, सगळ्या. नुसती नावं आठवून सांगण्यात गफलत होते.

डॉक्टर खूप विचारतील. "झोप येत नाही" एवढ्यावर थांबू नकोस. तुला झोप लागते, पण चारला मोडते, मग तू ओसरीवर उजाडेपर्यंत बसून राहतोस, आणि दिवस वर चढला की थोडं हलकं वाटतं, हे अस्संच्या अस्सं सांग. झोप लागतच नाही आणि लागलेली पहाटे मोडते, यातून डॉक्टरला वेगवेगळं कळतं. भूक, वजन, वावरात जाण्याची इच्छा, सोयाबीनच्या पैशाची काळजी, सगळं सांग. किल्लारीचंही सांग. ३० सप्टेंबर १९९३ ला तू शाळकरी पोरगा होतास. गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. पत्र्याच्या शेडमध्ये आपण किती दिवस काढले, ते तू कधी कुणाशी बोलला नाहीस. त्याचा आजच्या दुखण्याशी संबंध असेल किंवा नसेल, ते डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापर्यंत जायला मात्र पाहिजे.

दारूचं खरं सांग. कमी करून सांगितलंस तर गोळीचा हिशेब चुकेल. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का, हेही विचारतील. दचकू नकोस, जवळजवळ प्रत्येकाला विचारतात. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलून टाकल्यावर माणूस मोकळा होतो. येत असेल तर हो म्हण. आणि थोडा वेळ डॉक्टरशी एकट्याने बोलायला माग. वहिनी बाहेर थांबतील.

थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर अशा तपासण्या लिहून दिल्या तर आबा म्हणतील, मनाच्या दुखण्याला रक्त कशाला? थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून बघतात.

आता गोळ्यांचं. डोस काय असावा हे मी इथून सांगणार नाही, ते तुला तपासणाऱ्याचं काम. पण एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी उदासीवरची गोळी चालू झाली तर पहिल्या आठवड्यात काय होतं ते ऐक. मळमळतं, डोकं दुखतं, पोट बिघडतं, कुणाकुणाला आत हुरहुर वाढल्यासारखी वाटते. मन मात्र तिथेच असतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहाही लागतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. नेमकं याच दिवसांत माणूस म्हणतो, "ही गोळी मला मानवत नाही," आणि पट्टी कोनाड्यात पडते. तू तसं करू नकोस. फार त्रास झाला तर ठरलेल्या तारखेआधी जा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. नवराबायकोतल्या संबंधांवरही काही गोळ्यांचा परिणाम होतो. लाजेपोटी ते न सांगता गोळी सोडणारे पुरुष मी पाहिलेत. बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून लिहिते: तेही डॉक्टरला सांग, त्यावर उपाय असतात.

सवय लागेल म्हणून तू घाबरतोस. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. सवयीची भीती क्लोनाझेपॅम, अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची असते. त्या दिल्या तर किती दिवस घ्यायच्या ते तिथेच विचार, आणि मेडिकलवरून परस्पर आणू नकोस. गुंगी येते का हे कळेपर्यंत ट्रॅक्टर आणि मोटारसायकल दुसऱ्याला चालवू दे. बरं वाटायला लागल्यावरही गोळी सहसा सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम तोडली की चक्कर, चिडचिड, झोपमोड होते.

गावात कळेल, पुढं पोरीच्या सोयरिकीला आडवं येईल, ही धास्ती मला कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हा आणि कायद्याने सांगितलेल्या मोजक्या प्रसंगीच ती दुसऱ्याला देता येते. शॉकची भीती तर काढूनच टाक. ओपीडीत गेलं की शॉक देतात असं काही नसतं. ज्यांना ती उपचारपद्धत लागते, त्यांनाही भूल दिल्याशिवाय ती देणं याच कायद्याने बंद केलंय.

वहिनी, एवढं तुमच्यासाठी. फवारणीची औषधं घरात आणि आखाड्यावर ठेवू नका. भावकीतल्या विश्वासाच्या माणसाकडे कुलपात ठेवायला द्या, आणि गोळ्यांची पट्टी सध्या तुमच्याजवळ असू द्या. गोळी चालू झाल्यावर दादा फार बेचैन दिसला किंवा निरवानिरवीचं बोलायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका, तडक दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. तुम्हाला स्वतःला रडू आलं तरी तिथे बोलता येतं.

आबांना योगेश्वरीला नवस बोलायचा असेल तर बोलू द्या, त्यावरून घरात वाद नको. फक्त कुणी दिलेला काढा किंवा पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गोळीसोबत देऊ नका. आणि दादाने नवरात्राचे उपवास धरले तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

दादा, सोमवारी माझी रात्रपाळी आहे, मंगळवारी तुमची ओपीडी सुटेपर्यंत मी घरी आलेली असेन. चिठ्ठीचा फोटो मला पाठव आणि पुढची तारीख वहिनींना कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांग. त्या दिवशी सोयाबीनची रास असली तरी मळणीयंत्रावर सालगडी थांबेल, तू लातूरला जा. गाडीभाडं आणि तपासण्यांचे पैसे मी वहिनींच्या खात्यावर टाकलेत, त्यावरून बोलू नकोस.

आबांना शिरसाष्टांग नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझी धाकटी बहीण