गाडी अकोल्यावरूनच जाते

नागपूर,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर माझ्या मुंबईच्या सहलीचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

मुंबईची तिकिटं काढली आहेत. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघायचं आणि रविवारी संध्याकाळी सीएसएमटीहून तीच गाडी धरून सोमवारी सकाळी नागपूर. श्रद्धा, नेहा, ऋतुजा आणि मी. जाता-येताची चारही तिकिटं कन्फर्म आहेत, एकाच डब्यात, एकाच कप्प्यात. वेटिंगवर कोणी नाही.

आई, तुझं हळदीकुंकू शुक्रवारी आहे आणि मी नसणार, हे मला लागलेलं आहे. पण त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी मी घरी येते. वाणाचं सामान मांडणं, तिळगुळाच्या पुड्या बांधणं, वरच्या फळीवरचं मोठं ताट काढणं, सगळं करून जाईन. स्टुलावर तू चढायचं नाहीस. ते ताट मीच काढणार.

आत्ताच का, असं तू विचारणार. मार्चमध्ये आमच्या ऑफिसला वर्षअखेर असते, रजेचं नावही काढता येत नाही. एप्रिल-मेमध्ये मुंबईत घामाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, घारापुरीच्या बोटींचा भरवसा नसतो. उरला हिवाळा. आणि मे महिन्यात ऋतुजाचं लग्न आहे. त्यानंतर चौघींना एकाच वेळी सुट्टी मिळेल असं मला वाटत नाही. (त्यावरून दुसरा विषय आत्ता काढू नकोस, तो आपण समोरासमोर बसून बोलू.)

बाबा, आता काकांचं. डोंबिवलीला घर असताना मुलींनी लॉजवर उतरावं हे तुम्हाला पटणार नाही, मला माहीत आहे. पण डोंबिवलीहून सीएसएमटी म्हणजे जलद लोकलनेही तासाच्या वर. सकाळची सगळी गर्दी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळची सगळी उत्तरेकडे परतते. डोंबिवलीला राहिलो तर दोन्ही वेळा आम्ही त्याच गर्दीत, तेही सामान आणि पर्स सांभाळत. तुम्हाला जी भीती वाटते ती नेमकी त्याच प्रवासाची आहे ना? म्हणून फोर्टात खोली घेतली, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. शिवाय काकूचं ऑपरेशन होऊन अजून फार दिवस झालेले नाहीत, चौघींचं आंघोळ-पाणी तिच्यावर कशाला? तुम्ही स्वतः काकांना फोन करा. "मुलींना फिरायला जवळ पडावं म्हणून" एवढंच सांगा, जागा लहान पडेल वगैरे काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल. रविवारी संध्याकाळी ते स्टेशनवर भेटायला आले तर मला खरंच आवडेल.

खोलीचं आधी विचारून ठेवलं आहे. चार पलंग, दाराला आतून कडी, गरम पाणी सकाळी दहापर्यंत. चौघींची मूळ आधार कार्डं लागतील, झेरॉक्स चालत नाही. आमची गाडी सातच्या सुमाराला पोचते आणि खोली बाराला मिळते. तेवढा वेळ सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. तिथे बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येकीच्या बॅगेला छोटं कुलूप घेतलं आहे. तोंड धुवायला, कपडे बदलायला स्टेशनवर महिलांची प्रतीक्षालयं असतात. आई, तुझी काळजी अंघोळीची आणि चहाची असते. चहा तिथे पावलापावलावर मिळतो. अंघोळ एक दिवस दुपारी झाली तरी चालेल.

गाडीत बॅगा खालच्या बर्थखाली साखळीने बांधायच्या, तिथे त्यासाठी कडी असते. पैसे चौघींकडे वाटून. मोबाइलने पैसे द्यायची सवय झाली असली तरी नेटवर्क नसेल तिथे ते अडतं, म्हणून सुट्ट्या नोटा वेगळ्या. रेल्वेत काही त्रास झाला तर १३९, बाहेर ११२. दोन्ही नंबर बाबांनी आपल्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

शुक्रवारी लोकलला हातच लावायचा नाही, सकाळी सगळं पायी. सीएसएमटीची इमारत समोरून बघायची असेल तर रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागतं. तो रस्ता वरून ओलांडायचा नाही, खालून सबवे आहे. वेगवेगळ्या दिशांनी वळणाऱ्या गाड्या तिथे एकदम अंगावर येतात, नवखा माणूस एकाच बाजूला बघत राहतो. पलीकडून घुमट पूर्ण दिसतो आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघही. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. शेजारी महापालिकेची इमारत, ती १८९३ ची, दोन्हींचा आराखडा स्टीव्हन्सचाच. बाबा, बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ ला निघालेली पहिली गाडी तुम्ही मला शाळेत असताना पाठ करून घेतली होती, स्पर्धेसाठी. चौतीस किलोमीटर. अजून पाठ आहे.

तिथून हुतात्मा चौक. आजोबांसाठी तिथे फूल ठेवते, तुम्ही सांगायची गरज नाही. मग ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला टोकदार कमानींच्या जुन्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला गोलसर गॅलऱ्यांची आर्ट डेको घरं, दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारशात. राजाबाई टॉवर मैदानातूनच चांगला दिसतो. पंचाऐंशी मीटर उंच, १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव दिलं, राजाबाई. आई, मी तुझ्या नावाने एवढं काही बांधू शकणार नाही, पण तिथे उभी राहून तुला व्हिडिओ कॉल करणार आहे. चष्मा लावून बस, मागच्या वेळेसारखा फोन कानाला लावू नकोस.

दुपारी सिद्धिविनायक. तू सांगणारच होतीस. सीएसएमटीच्या खाली आता भुयारी मेट्रो आहे, तिथून सिद्धिविनायक नववं स्टेशन. गर्दीची लोकल नाही, दादरचा पूल नाही. मंगळवार नसल्यामुळे रांगही त्या मानाने कमी. अंगभर कपडे असतील तरच आत सोडतात, आम्ही पंजाबी ड्रेसच घालून निघू. एक गोष्ट दोघांनीही लक्षात ठेवा: या मेट्रोत जमिनीखाली मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं नाही. तेवढा वेळ फोन लागला नाही तर "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकून घाबरू नका, श्रद्धाच्या आईला उठवू नका. वर आले की मीच फोन करीन.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, सूर्य बुडेपर्यंत. जानेवारीत साडेसहाच्या आत बुडतो. कठड्यावर बसायचं, पण पलीकडे दगडांवर उतरायचं नाही. ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे शेवाळाने निसरडे असतात आणि मधल्या फटीत पाय गेला तर निघत नाही. तिथून खोलीवर चालत.

शनिवारी घारापुरी. याचीच तुम्हाला जास्त धास्ती आहे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, ती बातमी आपण तिघांनी टीव्हीवर बघितली होती आणि आई, तू तेव्हाच मला शपथ घालणार होतीस. ती दुर्घटना घडली तेव्हा बोटीवर बहुतेकांनी लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं. त्यानंतर ते सक्तीचं झालं. आमचा नियम असा ठरला आहे: जॅकेट अंगात घालून पट्टे कंबरेशी घट्ट ओढल्याशिवाय बोट सुटू द्यायची नाही. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि तोंडावर येतं. बोट भरलेली वाटली तर ती सोडून पुढची. बसायचं खालच्या मजल्यावर, मधोमध. तिथे हेलकावे कमी लागतात. नेहाला बोट लागते, ती अर्धा-एक तास आधी गोळी घेईल आणि लांबच्या किनाऱ्याकडे बघत बसेल. मोबाइलमध्ये बघत बसलं की जास्त मळमळतं.

गेटवेहून साधारण तासभर. बोटी सकाळी नवाला सुरू होतात, आम्ही पहिल्या तासातली धरणार. लेणी सोमवारी बंद असतात, शनिवारी अडचण नाही. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे एकशेवीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. माकडं फार. खाऊची पिशवी, पाण्याची बाटली हातात दिसली की ती हिसकावतात, म्हणून सगळं बॅगेत, चेन लावून. मुख्य लेण्यातली त्रिमूर्ती जवळजवळ सहा मीटर उंच आहे. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. घाईने फोटो काढून परतणाऱ्यांना मधलं शांत तोंड तेवढं दिसतं. एका बाजूचा उग्र चेहरा आणि दुसऱ्या बाजूचा हातात कमळ घेतलेला कोवळा चेहरा तिरकं उभं राहून बघावा लागतो. तासभर तरी तिथेच बसायचा विचार आहे. मुक्कामाला बेटावर परवानगी नाही आणि शेवटच्या बोटींना झुंबड असते, म्हणून तीनच्या आत परत निघायचं.

रविवारी राणीची बाग. घारापुरीला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा नाव दिलं तो दगडी हत्ती तिथे आहे. इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला, पुढे तुकडे जोडून १९१४ मध्ये उभा केला. लेणी बघितल्यावर हत्ती बघितला नाही तर काहीतरी अर्धवट राहतं, असं मला वाटतं.

आणि एकदाच, फक्त एकदा, लोकल. सीएसएमटी ते भायखळा, मध्ये मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड. रविवारची सकाळ म्हणून मुद्दाम. त्या दिवशी गर्दी नसते, पण मेगाब्लॉक असतो, रुळांच्या कामासाठी साधारण अकरापासून दुपारपर्यंत काही गाड्या बंद, काही उशिरा. म्हणून नवाची धीमी गाडी धरायची. ती सीएसएमटीहूनच सुटते, त्यामुळे उभ्या गाडीत आरामात चढता येतं. बायकांच्या डब्यावर बाईचं चित्र असतं. बॅग पाठीवर न ठेवता पोटावर घ्यायची, पाठीवरची दुसऱ्यात अडकते आणि उतरताना माणूस मागे ओढला जातो. दारात उभं राहून फोन नाही, खालून हातावर फटका मारून तो पाडतात. सँडहर्स्ट रोड गेलं की उठायचं, कारण गाडी थांबते अर्धा मिनिटसुद्धा नाही. आणि पूर्ण थांबल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिकिटं प्रत्येकीची वेगळी, जवळ. बाबा, आता तरी पटलं का, की आम्ही नुसत्या उड्या मारत निघालेल्या नाही?

आता तुम्हा दोघांसाठी सूचना. बाबांची बीपीची गोळी सकाळच्या चहाआधी, मी नाही म्हणून नऊ वाजता नाही. डब्यात सोमवारपर्यंतच्या गोळ्या मी येऊन भरून जाईन, शनिवारचा कप्पा रविवारी भरलेला दिसला तर रागवेन. आई, हळदीकुंकवाच्या दिवशी एकटीने सतरंज्या ओढू नकोस, शेजारच्या सोनूला हाक मार. रात्रीचं दूध दोघांनी घ्यायचं. मी रोज सकाळी आठला आणि रात्री नवाला फोन करीन, मधे आठवण आली तर तुम्हीही करा, मी चिडणार नाही.

आणि गुरुवारी रात्री नवाच्या सुमाराला आमची गाडी अकोल्यात येईल. बाबा, तुम्ही डबा घेऊन येणार हे मला लिहायच्या आधीपासून माहीत आहे. खरं सांगते, मलाही खिडकीतून तुम्हाला शोधायचं आहे, लहानपणी मामाच्या गावाहून येताना शोधायचे तसं. पण गाडी थांबते दोन-तीन मिनिटं आणि तुमचे गुडघे जिन्यावर कुरकुरतात. म्हणून अटी: ऑटोने यायचं, स्कूटरने नाही. गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार असेल तर आधी चौकशी करून पंधरा मिनिटं आधी हळूहळू पूल उतरून बसायचं, ऐनवेळी धावायचं नाही. आमचा डबा कुठे लागेल ते मी बडनेरा सोडल्यावर कळवते, तिथल्याच बाकावर थांबा. मी दारात येईन, तुम्ही आत चढू नका. आई, तू स्वेटर आणि कानाला रुमाल. डब्यात पोळ्या आणि कोरडी भाजी दे, रस्सा नको, बर्थवर सांडतो. चौघींना पुरेल एवढंच. आठ जणींचं नको.

तुमची,
मनू

ता. क. दोन्ही तिकिटांचे पीएनआर नंबर आणि लॉजचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवला आहे. फ्रिजवर चुंबकाने लावा, देव्हाऱ्यात नको, तिथे तो उदबत्तीखाली जातो.