बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदया,
सविनय नमस्कार.

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो, हे आपल्याला सांगायला नको. मी लिहिते आहे ते त्यापुढच्या तीन वर्षांबद्दल.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. नियमांप्रमाणे २१ वर्षांपर्यंत, आणि अगदीच गरज असेल तर आणखी दोन वर्षे, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सुटल्यानंतरच्या आधाराची, सेवा देता येते. सहा-आठ जणांनी मिळून राहायची जागा, प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन, अडीअडचणीला समुपदेशक, असे सगळे त्यात आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपयांची सोयही आहे. पण यातले काहीच आपोआप मिळत नाही. संस्थेने प्रस्ताव पाठवायचा, बाल कल्याण समितीने आदेश काढायचा, आणि हे कुणी केले नाही तर विचारायला मुलाच्या मागे कुणी नसते. मी बालगृहातल्या दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. अनुरक्षण म्हणजे काय हे त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीतच नसते.

यात तारखेचाही एक घोळ आहे. जन्माचा दाखला नसलेल्या कितीतरी मुलांच्या नावापुढे शाळेत घालताना १ जून ही तारीख लागते. बारावीच्या निकालानंतरचे, प्रवेशाच्या धावपळीचे ते दिवस. कॉलेजचा फॉर्म भरायचा, फीची सोय करायची आणि त्याच आठवड्यात राहायला जागा शोधायची. घरातल्या मुलाला या दिवसांत आपण पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो. इथे एका मुलाने मला फोनवर विचारले होते, "मॅडम, कायमचा पत्ता काय लिहू?" मी माझ्या घरचा पत्ता दिला. पण शासनाची व्यवस्था एखाद्या शिक्षिकेच्या पत्त्यावर चालू नये.

अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१८ मध्ये घेतला, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. ते हातात यायला वेळ लागतो आणि संस्था सुटल्यावर तर एकेका कागदासाठी चकरा सुरू होतात. शिवाय बालगृहातली बरीच मुले अनाथ नसतात. आई आहे, पण ती घरकाम करते आणि तिला स्वतःलाच धड निवारा नाही. वडील आहेत, पण व्यसनात बुडालेले. या मुलांना आरक्षण नाही, आणि "घरी जा" म्हणावे तर घर नाही. मला सगळ्यात जास्त काळजी यांचीच वाटते, कारण कागदावर त्यांचे पुनर्वसन झालेले असते.

मुलींचे तर आणखी कठीण. राहायला सुरक्षित जागा नाही म्हणून घाईने लग्न ठरते, आणि आसपासचे सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तिला नर्सिंग करायचे होते हे कुणी विचारत नाही.

पैशांबद्दलही बोलायला हवे. ४,००० रुपयांत पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळची मेस भागत नाही. निदान मोठ्या शहरांत शिकणाऱ्यांसाठी राज्याने आपल्याकडून भर घालावी. आणि रक्कम वेळेवर पोचवणे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. आपल्याच विभागाने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू करून थोड्या महिन्यांत कोट्यवधी महिलांच्या खात्यांत थेट पैसे जमा करून दाखवले. त्यांच्यापुढे ही मुले संख्येने फार थोडी आहेत, आणि प्रत्येकाचे नाव, वय, फाइल शासनाकडे आधीच आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. मूल १७ वर्षांचे झाले की त्याच्या अनुरक्षणाचा प्रस्ताव संस्थेने न मागता पाठवावा आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा करावा. आधार, बँक खाते, रहिवासी दाखला आणि लागू असेल तिथे जातीचे व अनाथ प्रमाणपत्र मुलाच्या हातात पडल्याशिवाय त्याला संस्थेतून सोडू नये. शिक्षण चालू असेल तर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत राहू द्यावे. प्रत्येक जिल्ह्यात मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी, चालू अवस्थेतली अनुरक्षणाची जागा हवी. जिथे इमारत नाही तिथे भाड्याची घरे घ्यावीत, नियमांत तात्पुरत्या सामूहिक निवासाची वाट आहेच.

आणि एक माहिती आपण विधिमंडळासमोर ठेवावी: गेल्या तीन वर्षांत प्रत्येक जिल्ह्यातून किती मुले १८ पूर्ण होऊन बाहेर पडली, त्यांतल्या किती जणांना अनुरक्षण मिळाले, आणि बाकीची आज कुठे आहेत.

आपली विश्वासू,
बालगृहातल्या मुलांची एक शिक्षिका