पालकमंत्री, दसऱ्याआधी पाड्यापाड्यातल्या वह्या जुळवा

मा. पालकमंत्री, पालघर जिल्हा, यांस
सविनय नमस्कार.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली, त्यानंतर आदिवासी भागातले माता-बालमृत्यू रोखायला नवसंजीवन योजना आली. आज जव्हार-मोखाड्यात योजनांची कमी नाही. अडचण अशी, की प्रत्येकीची वही वेगळी. अंगणवाडी सेविकेकडे पोषण ट्रॅकर हे ॲप, उपकेंद्रातल्या सिस्टरकडे माता-बाल आरोग्याचे आरसीएच रजिस्टर आणि अमृत आहाराचा, म्हणजे गरोदर मातांना अंगणवाडीत मिळणाऱ्या गरम ताटाचा, निधी आदिवासी विकास विभागाकडचा. पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी येते, तेव्हा नाव सासरच्या अंगणवाडीत राहते, तपासणी माहेरच्या उपकेंद्रात होते आणि ताट कुठेच मिळत नाही.

म्हणून ग्राम आरोग्य व पोषण दिनाला आशा, सेविका आणि सिस्टर यांनी एकत्र बसून नावे ताडून पाहावीत. शेवटच्या पाळीची तारीख, वजन, हिमोग्लोबिन आणि खाते आधारशी जोडले आहे का, एवढे पुरे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा ३००० रुपयांचा पहिला हप्ता खात्यापायी अडकून बाळंतपणानंतर हाती आला, तर गरोदरपणातल्या खाण्याला त्याचा काय उपयोग?

गोळ्यांचेही तसेच. लोहाची रोज एक, १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन. घरी दोन्ही एकदमच घेतल्या जातात आणि कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. चहाबरोबर घेतली तरी तेच. त्यात मळमळ सुरू झाली की पाकीट कुडाला खोचलेले राहते. शेवटच्या तीन महिन्यांत बाई अमृत आहारासाठी रोज अंगणवाडीत येतेच. लोहाची गोळी तिथेच, जेवणानंतर, लिंबाच्या फोडीसोबत द्यावी; कॅल्शियम सकाळी आणि रात्री घरी. याला पैसा लागत नाही. महिन्याच्या गोळ्या सेविकेकडे ठेवण्याचा आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन्ही विभागांचा एकच लेखी आदेश लागतो.

पैसा लागतो तो ताटाला, आणि वेळेवर. निधी लांबला की किराणावाल्याची उधारी चढते; मग ताटातून आधी अंडे जाते, नंतर शेंगदाण्याचा लाडू.

सर्वांत मोठी गळती स्थलांतराची. दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. ताट सातव्या महिन्यात सुरू होणार आणि बाई सहाव्यातच निघालेली. अमृत आहार अनुसूचित क्षेत्रापुरता, त्यामुळे भट्टी त्याबाहेर असली की ताट थांबते. स्थलांतराची ॲपवर नुसती नोंद करून पोट भरत नाही. भट्टीजवळच्या अंगणवाडीला त्या बाईच्या ताटाचे पैसे जिल्हा नियोजन समितीतून द्या आणि ठाण्याच्या पालकमंत्र्यांशी बोलून तिकडच्या सेविकांना नावे आधी कळवा. कुटुंब परतले की आठ दिवसांत प्रत्येक बालकाचा दंडघेर मोजला जावा. ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, म्हणजे तीव्र कुपोषण, तर अंगणवाडीतले ग्राम बालविकास केंद्र. पायांवर सूज असेल किंवा मूल खातच नसेल, तर वाट न पाहता थेट रुग्णालयातले पोषण पुनर्वसन केंद्र.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात आणि हे सगळे विभाग त्याच बैठकीला असतात. पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या आणि कोणत्या पाड्यातून किती गरोदर माता बाहेर जाणार, ती यादी दसऱ्यापूर्वी मागवा.

आपले,
जव्हार-मोखाड्यातील माता-बाल पोषण कार्यकर्ते