शिष्टाचाराचा तास आणि शिपाईकाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पोराला जरा वळण लागावं म्हणून कॉन्व्हेंटात घातलंय,' हे वाक्य आमच्या नगरमध्ये ख्रिस्ती नसलेल्या घरांतूनच जास्त ऐकू येते. त्यात खोटे काही नाही. या शाळांतली मुले रांग मोडत नाहीत, वर्गात शिरताना विचारतात, मोठी माणसे बोलत असताना मध्ये तोंड घालत नाहीत. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि अशाच एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे या वळणाचा मलाही अभिमान आहे. पण हे वळण कोणासमोर दिसते आणि कोणासमोर गायब होते, याकडे कुणी पाहत नाही. म्हणून हे पत्र.

सिस्टर वर्गात आल्या की सगळी मुले एका झटक्यात उभी राहतात आणि 'गुड मॉर्निंग सिस्टर, गॉड ब्लेस यू' असे सुरात म्हणतात. थोड्या वेळाने शिपाईकाका सूचनावही घेऊन येतात. एकही मान वर होत नाही. बाईसुद्धा वहीवर सही करतात आणि काकांकडे न बघताच ती परत देतात. काका जाताना दार हळूच ओढून घेतात, तास चालू आहे म्हणून. त्या क्षणी वर्गात सर्वांत सभ्य माणूस कोण, हे कळायला मॉरल सायन्सचे पुस्तक लागत नाही.

कॅथलिक मुलांना कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स ही आमच्याकडची जुनी वाटणी. तीबद्दल माझी तक्रार नाही. अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाचे कलम 28च सांगते. तक्रार आहे ती शिष्टाचाराचीही परीक्षा घेण्याबद्दल. कुणी मदत केली तर काय म्हणावे? गाळलेली जागा भरा. मुलगा 'थँक्यू' लिहून मार्क मिळवतो आणि मधल्या सुट्टीत पोळीचे तुकडे बाकाखाली टाकून मैदानावर पळतो. ते मावशी वेचतात. एरवी 'मॅम, मॅम' करणारी हीच मुले साठीला टेकलेल्या माणसाला 'ए काका, गेट उघड ना' म्हणतात, आणि तिथे त्यांना कुणी टोकत नाही.

काही शाळांत आवारात मराठी बोलले की दंड होतो, हा आणखी एक प्रकार. (मराठी विषय सर्व शाळांत सक्तीचा करणारा कायदा 2020 मध्ये झाला, पण कायदा तासापुरता, मधल्या सुट्टीत त्याला कोण विचारतो!) यातून घरची भाषा म्हणजे बेशिस्त, एवढेच मूल शिकते. मग ओपन डेला नऊवारीतली आजी आली की नातवाला अवघडल्यासारखे होते. त्याला दोष देऊन काय उपयोग?

आपल्या शाळांना याची उत्तरे बाहेरून आणावी लागत नाहीत, याचेच जास्त वाईट वाटते. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात, कारण प्रभू येशूने शिष्यांचे धुतले होते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर अगदी आपल्या गॅदरिंगचेच वर्णन आहे: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला 'तू तिकडे उभा राहा'. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर देणगीदार आणि नगरसेवक, आणि ज्याची मुलगी नाचात आहे तो रिक्षावाला बाप मागे भिंतीला टेकून, हे चित्र मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. याच नगरमध्ये सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंनी 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. मुलीच्या हाती पाटी देणे हेच तेव्हा गावाला रीत सोडून वाटत होते.

यासाठी नवे पुस्तक किंवा जादा तास नको. मुलांनी आपापला बाक आणि त्याखालची जागा स्वतः साफ करून घरी जावे. शाळेतल्या प्रत्येक मावशीचे, काकांचे आणि व्हॅनच्या ड्रायव्हरचे नाव त्यांना ठाऊक असावे. काका वही घेऊन आले की बाईंनी आधी 'या' म्हणावे. बाई म्हणाल्या की मुलेही म्हणतील, हे मी अनुभवावरून सांगते. मुलाला रागवायचे तर सगळ्या वर्गासमोर त्याच्या आईबापांचा उद्धार करू नये. मॉरल सायन्सचे मार्क तर बंदच करावेत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिली पालकसभा होईल. मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी त्या सभेत फीच्या आधी हा विषय घ्यावा, आणि मावशींना व काकांना तिथे खुर्चीवर बसवून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर