कूलर लावण्याआधी डीबी बघून घे

परभणी

चि. सौ. मनीषास अनेक आशीर्वाद.

होळी झाली, आता लातूरला तुमच्याकडेही कूलर माळ्यावरून खाली येईल. तो लावायच्या आधी जिन्याखालची डीबी, म्हणजे मेन आणि खटक्यांची पेटी, परवानाधारक वायरमनकडून उघडून तपासून घे. घर जुनं घेतलंय, आधीच्यांनी आत काय करून ठेवलंय ते झाकणावरून कळत नाही. जावईबापूंनाही पत्र वाचायला दे.

सगळ्यात आधी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा खटका, आहे का ते बघ. एमसीबीसारखीच दिसते, पण तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं टेस्टचं बटन असतं. एमसीबी आहेत म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा खटका, असते वायरसाठी. समज, कूलरच्या मोटारीचं इन्सुलेशन गेलं आणि पत्र्याला करंट उतरला. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी रानं भेगाळतात, खालचा मुरूम कोरडा ठक्क होतो आणि अर्थिंगचा रोध चढतो. तो २० ओहम झाला तर २३० व्होल्टला जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर जातात. १६ अँपिअरची एमसीबी त्यावर पडतच नाही. सी प्रकारची असेल तर झटक्यात पडायला तिला ८० ते १६० अँपिअर लागतात. तोवर पत्र्यात करंट तसाच, आणि लेकरू ओल्या पायानं पाणी बघायला जातं.

आरसीसीबी फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट ताडून बघते. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत लाईन तोडते. त्याच २० ओहमच्या अर्थिंगवर ती लगेच पडेल. घ्यायची ती ३० मिलिअँपिअरचीच. दुकानात १०० आणि ३०० च्याही मिळतात, त्या माणसाच्या जिवासाठी नाहीत. मेन एमसीबी ३२ किंवा ४० अँपिअरची असेल तर आरसीसीबी ४० अँपिअरची चालते. लाईट असताना महिन्यातून एकदा टेस्टचं बटन दाब. खटका पडला नाही तर ती त्याच आठवड्यात बदल. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली, तर तिलाही काही कळत नाही. म्हणून कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन काढायची.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आरसीसीबी सारखी पडते अशी तक्रार असते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: इन्व्हर्टरच्या लाईनची न्यूट्रल आणि मेनची न्यूट्रल पुढं कुठंतरी एकत्र बांधलेली असते. वायरमन कंटाळून आरसीसीबी बायपास करतो. ते करू देऊ नकोस. न्यूट्रल वेगळ्या करायला अर्धा दिवस लागेल, तो लागू दे. आणि मेन बंद केली तरी इन्व्हर्टरवरच्या लाईन चालूच असतात, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.

एमसीबी वारंवार पडली तर मोठी बसवून घेऊ नका. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअर. पॉवर प्लगला २.५ चौरस मिमी आणि १६. एसीला ४ चौरस मिमी आणि २०. २.५ च्या वायरवर ३२ ची एमसीबी टाकली तर ३६ अँपिअरवर ती तासभर पडणार नाही, आणि भिंतीत वायर तापत राहील. इंडक्शन आणि गिझर दोन्ही दोन-दोन हजार वॅटचे असले तर मिळून १७ अँपिअरच्या पुढं जातात. त्यांना एका लाईनवर ठेवूच नका.

वायरमन आला की त्याला प्रत्येक स्क्रू घट्ट करायला सांग. बाहेरून येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची असते. ती मऊ, दाबाखाली हळूहळू ढिली होते, मग सांधा तापतो. प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं, जळका वास किंवा गुणगुण आवाज ही त्याची खूण. न्यूट्रलचा सांधा तर विशेष बघायचा. खांबावरची न्यूट्रल तुटली तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. दिवे एकदम भगभगीत झाले की मेन पाड आणि १९१२ ला फोन कर. डीबीची रिकामी भोकं बुजवून घे, पाली शिरतात, गांधीलमाशा घर करतात. तुम्ही स्वतः झाकण उघडू नका. मेन पाडली तरी मीटरकडून येणाऱ्या टोकात करंट असतोच. आणि मीटरचं सील महावितरणचं, त्याला हात नाही.

अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरवर मोजून घे, ५ ओहमच्या आत असेल तर उत्तम. नळाच्या पाइपाला बांधलेली अर्थ काढून टाक, आता पाइप पीव्हीसीचे असतात. कुणी तिसरी पिन न्यूट्रलला जोडली असेल तर तीही. तशा घरात न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या दाराला करंट येतो. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाल, पाऊस लागेपर्यंत. लातूरला पाण्याची ओढ मला माहीत आहे, कूलरचं बदललेलं पाणी त्याला चालतं.

आरसीसीबी नसेल तर ती बसेपर्यंत कूलर लावू नका, उकाडा सोसा.

तुझे,
अण्णा