नाव बदलून वाचून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत महाराष्ट्रातल्या समाजसुधारकांना दोन पानं दिली होती. मी ती सवयीप्रमाणे हातात पेन्सिल घेऊन वाचली. शुद्धलेखनाची चूक एकच सापडली, त्याबद्दल आपल्या मुद्रितशोधकाचं मनापासून कौतुक. पण ‘थोर’ अकरा वेळा, ‘द्रष्टे’ सात वेळा आणि ‘काळाच्या पुढे पाहणारे’ चार वेळा आलं. आठ माणसांवर आठ परिच्छेद होते. मी त्यांतली नावं खोडली आणि एकमेकांच्या जागी लिहून पाहिली. सहा परिच्छेद बिनतक्रार चालले.

हा खेळ मला छापखान्यानं शिकवला. मी सतरा वर्षांचा असताना जुळारी म्हणून लागलो. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्याचे दिवस होते ते. छापून झालं की एकेक खिळा परत केसमधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, आपापल्या घरात टाकायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता यायचा. हे काम कंटाळवाणं. त्यामुळे जो मजकूर पुन्हा लागणार हे माहीत असायचं, तो सोडायचा नाही, दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवायचा. लग्नपत्रिकेचा मायना, निविदांचे मथळे, आणि हो, जयंती-पुण्यतिथीचा परिच्छेद. ‘थोर समाजसुधारक, कर्ते विचारवंत, ज्यांनी आपले उभे आयुष्य समाजासाठी चंदनासारखे झिजवले’ एवढं सगळं जुळवून तयार असायचं. नाव आणि साल तेवढं काढून नवं बसवायचं.

एका वर्षी नाव बदलायचं राहिलं. जूनमध्ये आगरकरांच्या पुण्यतिथीला वापरलेला मजकूर जानेवारीत न्यायमूर्ती रानड्यांच्या पुण्यतिथीला गेला. मथळ्यात रानडे, शेवटच्या ओळीत आगरकर. अंक वाटून झाल्यावर माझ्या लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. दोन दिवस मी मालकांची नजर चुकवत होतो. पण एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. त्याच महिन्यात पाणी सोडण्याची वेळ चुकीची छापली, तर लोक थेट दारात येऊन उभे राहिले होते.

तेव्हा सुटका झाल्यासारखं वाटलं. आता त्या गोष्टीची लाज वाटते, चुकीपेक्षा ती न खटकण्याची. कारण रानडे आणि आगरकर यांच्यात अदलाबदल होऊच कशी शकते?

आगरकर एम.ए. झाले, सरकारी नोकरी न धरता शाळेत शिकवायला गेले, ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांवर लिहिलं म्हणून १८८२ साली टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, आणि त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं. पुढे सामाजिक सुधारणेवरून त्याच टिळकांशी फाटलं, ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्यानं बेजार झालेला हा माणूस १८९५ साली गेला तेव्हा चाळिशीलाही पोचला नव्हता. या आयुष्यात ‘चंदनासारखे झिजवले’ कुठं बसतं? चंदन शांतपणे झिजतं. आगरकर भांडत गेले.

रानडे अगदी वेगळे. सरकारी न्यायाधीश. जपून बोलणारे, सगळ्यांना सोबत घेऊन चालू पाहणारे. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा एकतीस वर्षांचा माणूस आता विधवेशीच लग्न करील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि रानड्यांनी तिच्याशी लग्न केलं. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून गदारोळ झाला, तेव्हा शेवटी प्रायश्चित्तही घेतलं. ही दोन्ही प्रकरणं आपल्या पुरवणीत नव्हती. कधीच नसतात. जणू ती छापली तर रानडे लहान होतील.

मला उलट वाटतं. ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. तिला अक्षरओळख नव्हती. नवऱ्यानं स्वतः शिकवायला सुरुवात केली, घरातल्या बायकांचा त्याला विरोध असताना. त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं आणि नवऱ्याबरोबरच्या दिवसांच्या आठवणी मराठीत लिहिल्या. एका बाजूला वडिलांपुढे मान तुकवणारा माणूस, दुसऱ्या बाजूला रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसणारा तोच माणूस. यांतलं एक कापून दुसरं छापलं की रानड्यांचा संकोच कळत नाही, आणि त्या संकोचातून त्यांनी काय वाट काढली तेही कळत नाही. आगरकरांनी ही तडजोड केली नसती. म्हणूनच एकाचा परिच्छेद दुसऱ्याला लागता कामा नये.

आपल्या पुरवणीत डॉ. रखमाबाईंना दोन ओळी मिळाल्या, ‘पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक’. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण विषय आपल्याच सदराचा आहे.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली नवरा दादाजी मुंबईच्या हायकोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. वकील मंडळी आणि विलायतेतली वर्तमानपत्रंही यात पडली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं हक्क सोडला आणि रखमाबाई लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या. परत आल्यावर सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने चालवले.

खटला चालू असताना, १८८५ साली, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर दोन पत्रं छापून आली होती. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. ती रखमाबाईंची. म्हणजे ज्या सदरात मी आज हे लिहितोय, तसल्याच एका सदरातून ही लढाई लोकांपुढे आली. वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे पानभरती म्हणून पाहणाऱ्या उपसंपादकांना हे एकदा सांगावं. (आपल्याकडचे तसे नसतील.) आणि हेही सांगावं की ‘केसरी’ आणि ‘मराठा’ रखमाबाईंच्या विरोधात होते. टिळकांबद्दलचा आदर बाजूला न ठेवता हे छापता येतं. मला तरी येतं. तुरुंगातल्या त्या एकशे एक दिवसांमुळे टिळक मोठे वाटतात आणि रखमाबाईंच्या प्रकरणात ते चुकले असंही वाटतं, दोन्ही एकाच डोक्यात मावतं.

फुल्यांच्या परिच्छेदात ‘क्रांतिसूर्य’ होतं, ‘स्त्रीशिक्षणाचे जनक’ होतं. ते बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामात त्यांचं कंत्राट होतं, हे नव्हतं. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हेही नव्हतं. पण मला सर्वांत जास्त चुटपुट लागली ती डाव्या हाताची. १८८८ मध्ये पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक त्यांनी डाव्या हातानं लिहून पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मी आयुष्यभर दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचून खिळे जुळवले. अक्षर वाईट असलं की लेखकाला मनातल्या मनात शिव्या घालायचो. साठीच्या माणसानं नव्यानं डाव्या हाताला अक्षर शिकवून जे पुस्तक लिहिलं, त्याची ती पानं ज्या जुळाऱ्यापुढे आली असतील त्यानं काय केलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. एवढं एक वाक्य छापलं असतं तर ‘क्रांतिसूर्य’ शब्दाची गरज पडली नसती.

सावित्रीबाईंचंही तेच. शेणमातीचे गोळे सगळ्यांना पाठ आहेत. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घालून त्या दवाखान्यात घेऊन आल्या आणि त्याच प्लेगनं १० मार्चला गेल्या, हे किती भाषणांत येतं? दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यांचा दत्तक मुलगा यशवंत होता, एका विधवा ब्राह्मण बाईचा मुलगा. तिला आधार देऊन या नवरा-बायकोनं तिचं मूल आपलं मानलं होतं.

शाहू महाराजांवर आपण ‘आरक्षणाचे जनक’ एवढं म्हणून थांबलात. त्यापेक्षा २६ जुलै १९०२ चा तो हुकूम चौकटीत छापायचा. छोटासा आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना द्याव्यात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हुकमाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे : कोणाकोणाला नेमलं याचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी सरकारात पाठवावं. मला महाराजांची खरी ओळख या ओळीत होते. कारकून आणि खातेप्रमुख काय करतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून औदार्याला त्यांनी तिमाही हिशेब जोडला.

आमच्या धंद्यातल्या एका माणसाचं नाव मात्र आपल्या आठांत नव्हतं, आणि ते सहसा कुठल्याच यादीत नसतं. जावजी दादाजी. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागलेला मुलगा. फारसं शिक्षण नाही. त्यानं मुंबईत ‘निर्णयसागर’ छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथांच्या अशा शुद्ध आणि स्वस्त आवृत्त्या छापल्या की देशभरातले पंडित त्यांचीच प्रत मागायचे. मला ‘निष्ठा’ या शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर मी निर्णयसागरची एक जुनी पोथी पुढे करतो आणि एक चूक शोधून दाखव म्हणतो. मी माझ्या धंद्याची कड घेतोय हे मान्य.

आता मागणी. विशेषणांवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. पुरवणी करणाऱ्या मुलांची घाई मला माहीत आहे, मी त्याच घाईत नोकरी केली. एवढंच करा : परिच्छेद पानावर लावण्याआधी त्यातलं नाव खोडून दुसऱ्या कुणाचं लिहा आणि वाचा. चालला, तर परत पाठवा. त्याऐवजी त्या माणसानं एका विशिष्ट दिवशी काय केलं ते लिहायला सांगा. कोणाशी भांडला, काय गमावलं, कुठं माघार घेतली. आणि जमलं तर त्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्याला काय शिव्या दिल्या त्याही छापा. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली ग्रंथालयांत धूळ खात पडल्या आहेत.

सुरुवात कुठून करावी हेही सुचवतो. १४ ऑक्टोबरला आपली धम्मचक्र प्रवर्तन दिनाची पुरवणी निघेलच. त्याच तारखेला, नागपूरच्या त्या सोहळ्याच्या तीन वर्षं आधी, १९५३ साली, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे वारले. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा गणिताचा प्राध्यापक होता. संततिनियमनाचा प्रचार सोडणार नाही म्हणाला म्हणून नोकरीवर पाणी सोडावं लागलं. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक तोटा सोसून चालवलं, बराचसा मजकूर स्वतःच लिहिला. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधला खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता, आणि त्यात कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला, तो भरून त्यांनी मासिक पुढे चालू ठेवलं. वडिलांना १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, ते पाहायला मुलगा नव्हता.

पुरवणीच्या एखाद्या कोपऱ्यात त्यांना वीस ओळी द्या. मुद्रितं तपासायला मी येतो, चष्मा बदलून घेतला आहे.

आपला,
एक निवृत्त जुळारी