कारंजं उडालं, आता नळाचं बघा! पालकमंत्र्यांना एका नगरसेविकेचं खुलं पत्र

मा. पालकमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारी आपण वेळात वेळ काढून आमच्या मुख्य चौकातल्या कारंज्याचं लोकार्पण केलंत, त्याबद्दल आभारी आहे. निमंत्रणपत्रिकेत अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, माझंही नाव होतं. लाल-निळे दिवे, मागे 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव. फोटो झकास आलेत. गावाचा चेहरामोहरा बदलतोय असं आपण म्हणालात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट मात्र आपल्या कानावर कुणी घातली नसेल. कारंज्यात उडत होतं ते पाणी माझ्या प्रभागाचं होतं. शनिवारी आमच्याकडे यायचे दोन टँकर चौकात नेऊन रिकामे केले. ड्रायव्हरला फोन लावला, तर म्हणाला, "ताई, वरून सांगितलंय." वरून म्हणजे नेमकं कुठून, हे पाच महिने नगरसेविका राहूनही मला कळलेलं नाही.

आता आठवण करून देते. ऑक्टोबरात, आचारसंहिता लागायच्या आठवडाभर आधी, आपण नव्या जलवाहिनीचं भूमिपूजन केलंत. नारळ फुटला, कुदळ पडली, आणि माइकवर आपले शब्द होते: "चार महिन्यांत दिवसाआड पाणी देतो, नाही दिलं तर या गावात पाय ठेवणार नाही." चार महिने फेब्रुवारीत सरले. रविवारी आपण पाय ठेवलात, तोही रेड कार्पेटवर. त्या जागेवर कोनशिला तेवढी उभी आहे. शेजारचा चहावाला तिच्यावर बिस्किटांच्या बरण्या मांडतो. पाइप आलेले नाहीत.

आमच्याकडे पाणी नवव्या दिवशी येतं. कधी रात्री अडीचला, कधी पहाटे चारला, व्हॉल्व्हमनच्या मर्जीनं, आणि चाळीस मिनिटांत जातं. माझ्या घरी तेवढ्यात सातशे-आठशे लिटर भरतं. माणसं सहा. नऊ दिवसांनी भागा, माणशी दिवसाला पंधरा लिटरही पडत नाही. सरकारी निकष 135 लिटरचा आहे म्हणे. पाणीपट्टी वर्षाला 1,800 रुपये, पाळ्या वर्षाला चाळीस. म्हणजे एका पाळीला 45 रुपये, टँकरचे वेगळे. इंजिनिअर साहेबांनी हिशेब तपासावा, चूक निघाली तर माफी मागेन. टाकी बारा लाख लिटरची की दहा, यावर त्यांच्याच खात्यात एकमत नाही, तर माझं काय घेऊन बसलात!

माझी पिठाची गिरणी आहे. पूर्वी बाया दळण टाकून जायच्या, आता दळण टाकून भांडतात. सोमवारी गल्लीतल्या एक आजी ज्वारीचा डबा घेऊन आल्या. मी चक्की चालू करायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे गं. पीठ नेऊन मळू कशात, थुंकीत?" आणि डबा तसाच डोक्यावर घेऊन गेल्या. कारंज्याचे फोटो त्यांच्या नातवानं त्यांना दाखवले होते. मी 61 मतांनी निवडून आले. त्यातलं एक त्यांचं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आपल्याला भेटायला मी तीनदा विश्रामगृहावर आले. एकदा चार तास व्हरांड्यात बसले. आतून पोह्यांच्या बश्या बाहेर येत होत्या, मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तिथं तरी नळाला होतं! आपल्या सहायकानं निवेदन घेतलं, आपण चालता चालता कोपऱ्यात 'तपासून उचित कार्यवाही करावी' असं लिहून सही केलीत. ते निवेदन जिल्ह्याला गेलं, जिल्ह्याहून मुख्याधिकाऱ्यांकडे आलं आणि त्यांनी त्यावर हिरव्या शाईत 'संबंधितांनी तपासावे' लिहून पाणीपुरवठा विभागाला धाडलं. त्या विभागानं माहितीसाठी एक प्रत मला पाठवली. माझंच निवेदन, माझ्याच घरी, तीन शिक्के जास्त.

इंजिनिअर साहेब पाण्याबद्दल बोलायला फोन करतात तोही मला नाही, आमच्या ह्यांना. ह्यांचं गॅरेज आहे. पाइपातलं कळतं ते मोटरसायकलच्या. पन्नास टक्के आरक्षणानं आम्हाला खुर्ची दिली, नंबर मात्र नवऱ्याचाच सेव्ह आहे.

तुम्ही म्हणाल, सभागृहात बोला. बोलले ना! फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडला, की कारंज्याचा निधी आमच्या गल्लीच्या चारशे मीटर वितरण वाहिनीला द्यावा. 14 विरुद्ध 9 मतांनी मंजूर झाला. विरोधी बाकावरच्या तिघांनीही हात वर केले, कारण पाणी त्यांच्याकडेही नवव्याच दिवशी येतं. आधी उत्तर मिळालं, या हेडचा पैसा त्या हेडला वळवता येत नाही. मग जिल्ह्याहून पत्र आलं, 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली ठरावाला स्थगिती. हे कलम लोकहिताला बाधा आणणारे ठराव थांबवण्यासाठी आहे. म्हणजे पाण्याची पाइपलाइन लोकहिताला बाधक आणि कारंजं लोकहिताचं. वाचून मी हसले. ह्यांना वाटलं, मी रडतेय.

मग साहेब, आम्हाला निवडता कशाला? जवळजवळ चार वर्षं गावात प्रशासक होता. राज्यघटना सांगते, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला दटावावं लागलं, तेव्हा 2 डिसेंबरला मतदान झालं. मोजणीही लांबली, निकाल 21 ला. एकोणीस दिवस मला झोप नव्हती. निवडून आल्यावर कळलं, मुख्याधिकारी सरकारचे, निधी सरकारचा, योजना सरकारची, फ्लेक्सवर फोटो तुमचे. आमच्या वाट्याला शिव्या. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची अठरा कामं लिहिली आहेत, त्यात घरगुती पाणीपुरवठा आहे. पण हे अधिकार राज्य सरकार 'देऊ शकेल' असं तिथं म्हटलंय. त्या 'शकेल'वर तुम्ही तीस वर्षं मांडी घालून बसला आहात. तुम्ही एकटे नाही, सगळेच, आलटून पालटून. जकात होती तेव्हा नगरपालिकेच्या खिशात चार पैसे तरी असायचे. 1999 मध्ये तीही गेली. आता अनुदान आलं तर पगार होतात, लांबलं की सफाई कामगार माझ्या गिरणीसमोर येऊन बसतात. व्हॉल्व्हमनची पाळी बदलायचा अधिकारही मला नाही, आणि लोकांना वाटतं मी जाणूनबुजून पाणी अडवतेय.

लिहिता लिहिता मागण्या राहूनच गेल्या. ठरावावरची स्थगिती उठवा. पाइप कधी येणार, त्याची तारीख लेखी द्या, माइकवर नको. आणि टँकर कुणी वळवले, ते नाव मला कळवा.

कळावे,

आपली,
प्रभाग 6 'अ' ची नगरसेविका

ता. क. : कारंज्यातलं पाणी कालपासून हिरवं पडलंय. तरी रात्री बाया कळश्या घेऊन जातात आणि भांड्यांसाठी उपसून आणतात. ते थांबवायला तिथं रखवालदार नेमायचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, क्रमांक 11. सूचक म्हणून माझं नाव छापलंय, मला न विचारता.